ऊस म्हणाला, सोयाबीन गेले



दर आठवड्याला या पानावर आपण बियाण्याचे, खताचे, नाहीतर किडीचे बोलतो. आज विषय माणसाच्या बोलण्याचा आहे. शेतीखात्यातल्या माणसाने यात कशाला नाक खुपसावे, असे कुणाला वाटेल. पण मला या विषयाची अक्कल आली ती तणनाशकामुळे, म्हणून जरा ऐकून घ्या.

मांजरा काठच्या एका गावातली ही गोष्ट. गावाचे नाव सांगत नाही, घराचे तर नाहीच. २०२१ च्या खरिपात एका शेतकऱ्याचा सकाळीच फोन आला, "साहेब, सोयाबीन मुरगाळलंय. व्हायरस आलाय काय, येऊन बघा." गेलो. दीड एकराचा तुकडा. शेंडे वाकडे झालेले, देठ पिळवटलेले, पाने खाली मान टाकून बसलेली. बांधाच्या कडेला दोन ओळी मात्र टवटवीत. रोग असा बांध बघून थांबत नाही. मी विचारले, "परवा-तेरवा काय मारलं?"

"तणनाशक. पोरानं आणलं, मी मारलं."

बांधावर रिकामे पाकीट पडले होते. टू-फोर-डी. उसात चालते, कारण ऊस गवताच्या जातीचा. रुंद पानाच्या तणाला ते मारते, आणि सोयाबीन हे रुंद पानाचेच पीक. पंप दोनदा धुतला नाही तरी पुढच्या फवारणीत सोयाबीनला चटका बसतो, इथे तर सबंध मात्रा अंगावर पडलेली. मी सांगितले, तसा बाप पोराकडे वळला. एकोणीस वर्षांचे पोर, बारावी पास. "तुला वाचता येतं का नाही रं?" पोराने तोंड उघडले. जबडा अडकला, डोळे मिटले, मानेला हिसका बसला. शब्द काही आला नाही. बाप म्हणाला, "आता त-त-प-प करू नगंस."

खरे सांगतो, मलाही तेव्हा वाटले की पोर बेफिकीर आहे. पाहणीचा कागद लिहिला आणि मी निघून आलो.

चार दिवसांनी ते पोर कार्यालयात आले. टेबलावर घडी घातलेला कागद ठेवला आणि उभे राहिले. त्यात लिहिले होते ते थोडक्यात असे. दुकानदाराने विचारले, कशावर मारायचे? सोयाबीन म्हणायचे होते, पण स निघेना. मागे पाच-सहा गिऱ्हाइके उभी होती, त्यातला एक हसला. ऊस निघाला. आमच्याकडे ऊसपण आहे, वाटले तणनाशक ते तणनाशक. शेवटी लिहिले होते, अप्पांना सांगू नका.

मंडळी, दीड एकर सोयाबीन एका अक्षरापायी गेले. आणि त्या पोराला "मला सोयाबीन म्हणता आले नाही" हे सांगण्यापेक्षा "मी निष्काळजी आहे" हे बोलणे परवडले. यातले जास्त नुकसान कोणते, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो.

पुढे मी विचारपूस केली. जिल्हा रुग्णालयातल्या वाचोपचाराच्या बाईंना भेटलो, त्यांनी दिले ते वाचले. त्यातले तुम्हाला सांगतो.

अडखळत बोलण्याला आपण तोतरेपणा म्हणतो. लहान मूल र ला ल म्हणते तो बोबडेपणा, ते वेगळे. तोतऱ्या माणसाला शब्द पक्का ठाऊक असतो, उच्चारही येतो, पण ऐन वेळी तो सुटत नाही, किंवा पहिलेच अक्षर पुन्हा पुन्हा येते. मोठ्या माणसांत शंभरात साधारण एक जण असा असतो, आणि त्यात पुरुष बायांच्या तिपटी-चौपटीने जास्त. म्हणजे हजार-बाराशे जाणत्या माणसांच्या गावात दहा-बारा जण असणार. तुम्हाला तेवढे आठवत नाहीत ना? मलाही आठवले नाहीत. बाकीचे गप्प बसत असतात, म्हणून आपल्याला दिसत नाहीत.

हा दोष बुद्धीचा नाही आणि भित्रेपणाचाही नाही. तो बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. २०१० साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी पाकिस्तानातल्या एका मोठ्या कुटुंबापासून सुरुवात करून त्याच्याशी संबंध असलेले काही जनुकही शोधून काढले. मेंदूत बोलण्याची जुळवाजुळव जिथे होते तिथला हा मामला. जिभेचा त्यात काही अपराध नाही. तरी आपल्याकडे जिभेलाच शिक्षा. वेखंड चाटव, तोंडात गारगोटी धर, जिभेखालचा दोरा कापून आण. आणि हे फक्त आपणच केले असे समजू नका. १८४१ साली बर्लिनच्या डिफेनबाख नावाच्या नामांकित शल्यवैद्याने तोतऱ्या माणसांच्या जिभेच्या मुळाशी काप घेऊन पाहिले. गुण आला नाही हे वेगळे सांगायला नको.

गावाला सगळ्यात खटकते ते असे, की हेच पोर भजनात उभे राहिले की खणखणीत गाते. बैलांशी बोलताना एक शब्द अडत नाही. मग लोक म्हणतात, नाटक करतो. तर ते नाटक नाही. गाताना, चारचौघांबरोबर एका सुरात म्हणताना, एकटे असताना किंवा जनावराशी बोलताना बहुतेक तोतऱ्यांची जीभ मोकळी होते, हे जगभर दिसून आले आहे. बैल कधी घाई करत नाही आणि हसतही नाही, हे एक कारण असावे असे आपले मला वाटते.

या पोराच्या बापाने आधी प्रयत्न केले नव्हते असे नाही. दोन वर्षांपूर्वी एका शहरात पंधरा दिवसांत बरे करून देण्याची हमी देणाऱ्या एका वर्गात त्याला नेले होते. पैसे मोजले. तिथे बोटाने मांडीवर ताल धरून एकेक अक्षर सावकाश बोलायला शिकवले. पंधराव्या दिवशी पोराने सगळ्यांसमोर न अडखळता भाषण केले, बापाच्या डोळ्यांत पाणी आले. महिन्याभरात सगळे मूळपदावर. वर्गवाल्यांनी सांगितले, मुलगा घरी सराव करत नाही. म्हणजे आधी नुसता तोतरा होता, आता तोतरा आणि आळशी झाला.

यातली मेख समजून घ्या. तालावर बोलले की अडखळणे तात्पुरते कमी होते, ते खरेच आहे. पण खोलीत मास्तरासमोर बोलणे निराळे, आणि मागे पाच माणसे असताना दुकानदाराला उत्तर देणे निराळे. आपल्या प्रयोगक्षेत्रावर जे बियाणे एकरी बारा क्विंटल देते ते तुमच्या हलक्या रानात सहा देते, तशातलीच गत. शिवाय सतत ताल सांभाळत बोलायचे म्हणजे डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालण्यासारखे. चार पावले जमते, दिवसभर नाही. वाचोपचारात बराच काळ यश मोजले जायचे ते एकाच मापाने, शंभर अक्षरांमागे किती अडली. अडलेली अक्षरे कमी झाली की उपचार फळला. माणूस त्या भीतीने बोलायचाच थांबला असेल, तरी मापात तो बराच दिसतो. या पोराने ऊस म्हटले तेव्हा तो अडखळला नव्हता. मापाने पाहिले तर तो दिवस त्याचा चांगलाच गेला.

हे माप अपुरे आहे हे प्रथम ओळखले ते बहुतांशी स्वतः अडखळणाऱ्या माणसांनीच. अमेरिकेत मिशिगन राज्यात चार्ल्स व्हॅन रायपर (१९०५ ते १९९४) म्हणून मोठे वाचोपचारतज्ज्ञ होऊन गेले. तरुणपणी ते इतके अडखळत की बोलणे टाळण्यासाठी मुका-बहिरा असल्याचे सोंग करून एका शेतावर गडी म्हणून राहिले होते. बोलायची लाज, म्हणून शिकलेला माणूस मुका होऊन गोठा झाडत होता. पुढे वाटेत त्यांना एक म्हातारा भेटला, तोही अडखळणाराच. पण तो झटापट करत नव्हता. शब्द अडला की तसाच अलगद, न झगडता येऊ देत होता. व्हॅन रायपरना तिथे वाट सापडली. अडखळणे संपवायच्या मागे न लागता सोपे, सैल अडखळायला शिकावे, अशी पद्धत त्यांनी पुढे बसवली.

लॉस अँजलिसचे जोसेफ शीहन, तेही अडखळणारेच, त्यांनी तोतरेपणाला समुद्रातल्या बर्फाच्या डोंगराची उपमा दिली. वर दिसते ते थोडे, पाण्याखाली मोठा भाग भीतीचा, शरमेचा आणि लपवालपवीचा. आपण बर्फाचा डोंगर कुठे पाहिला आहे? आपण लव्हाळा पाहिला आहे. वरची पाती कितीही खुरपा, जमिनीतल्या गाठी जिवंत तोवर तो आठ दिवसांत परत डोके काढतो.

या गाठी किती वाईट असतात याचा एक जुना आणि लाजिरवाणा पुरावा आहे. १९३९ साली आयोवा राज्यातल्या एका अनाथाश्रमात २२ मुलांवर एक प्रयोग झाला. वेंडेल जॉन्सन या प्राध्यापकाच्या देखरेखीखाली त्यांच्या विद्यार्थिनीने तो केला. चांगले बोलणाऱ्या काही मुलांना मुद्दाम सांगण्यात आले, की तुमच्या बोलण्यात दोष आहे, जपून बोला, नाहीतर बोलू नका. ती मुले काही खरी तोतरी झाली नाहीत. पण ती गप्प झाली, बुजली, बोलायला नकार देऊ लागली. त्या विद्यापीठाने २००१ साली या प्रकाराबद्दल जाहीर माफी मागितली. म्हणजे पाहा, अडखळणे नसतानाही नुसत्या धाकाने मूल मुके होते. मग ज्याला अडखळणेही आहे आणि धाकही आहे त्याचे काय होत असेल?

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली दिव्यांगतेकडे पाहण्याची नवी चौकट दिली. अवयवात काय बिघाड आहे एवढेच पाहू नका. माणूस रोजचे काय करू शकतो, चारचौघांत भाग घेतो का, आणि भोवतालची माणसे त्याला अडवतात की सावरतात, हेही पाहा. त्याच धर्तीवर २००६ साली जे. स्कॉट यारस आणि रॉबर्ट क्वेसल यांनी अडखळणाऱ्यांसाठी एक प्रश्नावली तयार केली. तुम्हाला तुमच्या बोलण्याबद्दल काय वाटते, घरी, कामावर, फोनवर बोलणे किती जड जाते, आयुष्यात त्याने काय अडते, असे प्रश्न त्यात असतात. उत्तरे खुद्द अडखळणारा देतो. इतकी वर्षे त्यालाच फारसे कुणी विचारत नव्हते! आमच्या खात्याचेही असेच होते म्हणा. प्रात्यक्षिके किती झाली, हेक्टरी उत्पादन किती, यांचे तक्ते मी आयुष्यभर भरले. खर्च वजा जाता घरधनिणीच्या हातात काय पडले, तो रकाना बहुतेक तक्त्यांत नसायचाच.

असो. मी पोराला आणि त्याच्या बापाला घेऊन जिल्हा रुग्णालयात गेलो. बापाला सोयाबीनची खरी हकीकत पोरानेच वाटेत कागदावर लिहून दिली. बाप एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत राहिला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझ्या भावालाबी असंच होतं. तो तर लग्नात नावबी घेऊ शकला नव्हता."

बाईंनी पोराला पहिला प्रश्न विचारला, "तुला काय करता यायला हवंय?" तो म्हणेल नीट बोलता यायला हवंय, असे मला वाटले होते. त्याने चार कामे सांगितली. दुकानात पाहिजे ते मागता यावे. कंडक्टरला तिकिटाचे गाव सांगता यावे. फोन उचलता यावा. आणि स्वतःचे नाव सांगता यावे. नावाचे मला नवल वाटले, तर बाई म्हणाल्या, अडखळणाऱ्या अनेकांना सगळ्यात अवघड जाते ते स्वतःचेच नाव, कारण त्याला बदली शब्द नसतो. आमच्या एका मेळाव्यात हजेरी घेताना याने चुलतभावाचे नाव सांगितले होते, ते मला तेव्हा कळले.

मग त्या चार कामांवरच उपचार बेतला. जबडा, गळा कुठे आवळतो ते आरशात ओळखायचे. अडल्यावर जोर लावायच्या ऐवजी तिथेच थोडे सैल सोडून पुढे सरकायचे. आणि मला अजब वाटलेली गोष्ट म्हणजे, मुद्दाम अडखळायचे. चहाच्या गाड्यावर जाऊन जाणूनबुजून "च-च-चहा" म्हणायचे आणि काय होते ते पाहायचे. काही होत नाही. चहा मिळतो. ज्याच्या भयाने माणूस वर्षानुवर्षे पळत असतो त्याच्यासमोर आपल्या पायाने उभे राहायचे, म्हणजे ते भय हळूहळू उतरते. शिवाय समोरच्याला आधीच सांगून टाकायचे की मी अडखळतो, जरा थांबा. लपवायचे ओझे गेले की जिभेवरचा अर्धा ताण जातो, असे तो मुलगा सांगतो.

बाप तिसऱ्या खेपेला चिडला. "बाई, हे समदं खरं. पण हा नीट कवा बोलणार?" प्रश्न रास्त आहे आणि तो मलाही पडला होता. बाईंनी खोटी आशा दाखवली नाही. म्हणाल्या, "या वयात ते पुरतं जाईल असं मी लिहून देणार नाही. कमी होईल, सोपं होईल. पण ते जाईपर्यंत त्यानं गप्प बसायचं का?" बाप उठून बाहेर गेला. पुढच्या खेपेला मात्र तोच पोराच्या आधी तयार होऊन बसला होता.

माझे मत विचाराल तर संथ बोलण्याच्या, श्वासाच्या युक्त्या टाकाऊ नाहीत. ज्याला त्यांचा उपयोग होतो त्याने खुशाल वापराव्यात. मुलाखतीत, सभेत कामी येतात. फक्त तेवढेच एक यश मानू नये. आणि अडखळणे अजिबात जाण्याची हमी देऊन पैसे मागणाऱ्याच्या दारात पुन्हा उभे राहू नये.

लहान मुलांची गोष्ट मात्र वेगळी, तिथे गफलत करू नका. दोन ते पाच वर्षांच्या वयात बरीच मुले काही काळ अडखळतात आणि बहुतेकांचे आपोआप जाते. पण सहा महिने उलटले, किंवा मूल बोलताना तोंड वाकडे करते, डोळे मिटते, बोलायचे टाळते, किंवा घराण्यात कुणी तोतरे आहे, तर "मोठेपणी जाईल" म्हणत बसू नका. या वयात उपचाराचा गुण चांगला येतो आणि बोलणे पूर्ण मोकळे होण्याची आशाही मोठी असते. अंगणवाडीत, शाळेत तपासणीचे पथक येते त्यांना सांगा. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था १९८३ पासून आहे. मोठ्यांसाठी 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन' ही अडखळणाऱ्यांनीच चालवलेली संघटना आहे. त्यांच्या बैठकीत सगळेच अडखळतात, त्यामुळे कुणाला घाई नसते.

आणि माउल्यांनो, तुमचे मूल अडखळते तो तुमचा दोष नाही. गरोदरपणी काय खाल्ले, ग्रहण पाळले की नाही, याचा काडीचा संबंध नाही. सासूबाईंनी काही म्हटले तर हे पान वाचून दाखवा.

घरच्यांनी काय करायचे, तर पुष्कळसे न करायचेच आहे. त्याचा शब्द आपण पुरा करू नये. "सावकाश बोल", "श्वास घे" हे सांगू नये. त्याने हजारदा ऐकलेले असते. पाहुण्यांसमोर त्याला कविता म्हणायला उभे करू नये, आणि त्याच्या वतीने परस्पर उत्तरही देऊ नये. तो काय म्हणतोय तिकडे लक्ष द्यावे, कसे म्हणतोय तिकडे नाही. लिहायला सोपे आहे. या बापाला चार महिने लागले. जीभ चावून गप्प बसायचो, असे तो सांगतो.

गेल्या खरिपात मी त्या दुकानात सहज उभा होतो. पोर आले. बाप बाहेर मोटारसायकलवर बसून राहिला, आत आला नाही. दुकानदाराने विचारले, "कशावर?" पोर म्हणाले, "मी अ-अडखळतो, जरा थांबा." मग स वर अडले. मान हलली नाही, डोळे उघडे होते. भिंतीवरच्या घड्याळात मी पाहिले, पंधरा-वीस सेकंद गेले असतील. मागे एक जण चुळबुळला. "स-स-सोयाबीन. उगवून अठरा दिवस झालेत." दुकानदाराने बरोबर तणनाशक काढले. पोराने पाकिटावरचे पीक वाचून पाहिले, पक्की पावती मागितली, पिशवी घेतली आणि बाहेर गेले. मोटारसायकल सुरू झाली.

जाता जाता एक कामाचे. ज्या पंपाने टू-फोर-डी मारले तो पंप शक्यतो निराळाच ठेवा. पुढच्या आठवड्यात हरभऱ्यावरच्या मर रोगाचे बोलू. बियाणे राखून ठेवले असेल तर बीजप्रक्रियेआधी उगवण तपासून ठेवा.